निखारा पळतोच आहे

३ मार्च, सोमवार

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायला हवं, पण आज हात तिकडे वळत नाही. साष्टांग नमस्कारही नाही. सहा आठवडे ज्या दारासमोर उभं राहून माझे पाय दुखले, त्या दाराला आणखी नमस्कार कोण घालणार?

हे पत्र दाराखालून येतंय, कारण बोलायला गेलं की तू रेडिओ मोठा करतोस, आणि ओरडलं की आणखी मोठा. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई परवा जिन्यात म्हणाल्या, "तुमच्याकडे एवढ्या कसल्या बातम्या ऐकतात हो दिवसभर?" मी म्हटलं, "भावाला जगाची फार काळजी आहे." भिंतीपलीकडे आई आणि बहीण कशा आहेत ते सोडून बाकी सगळ्या जगाची.

ताटं धुतलेली परत येतात, म्हणून तू जिवंत आहेस हे कळतं. न्हाणीघर आतच आहे, म्हणून बाहेर यायची गरज नाही. छान सोय आहे. आता माझी सोय ऐक.

आपल्या साप्ताहिक चित्रकथेतला निखारा अजून पळतोय. झोळ्याला पकडून नेलं तो अंक वीस जानेवारीला आला. त्यानंतरच्या सहाही अंकांत आपला नायक मित्राला सोडवायला निघालाय आणि पोचत नाही. छतांवरून पळतो, रुळांवरून पळतो, कालव्याच्या कडेनं पळतो. पाय पडेल तिथलं गवत जळतं. मधेमधे मी एखाद्या चौकटीत झोळ्याची कोठडी दाखवते आणि पुन्हा याला पळवते. सहा अंकांत एक शब्द नाही, कारण फुगे तू भरतोस. पंधरा वर्षं आपली हीच रीत आहे. तू खोलीभर नाचून प्रसंग करून दाखवायचास, मी काढायची, फुगे कोरे ठेवायची आणि तू पेन्सिलीनं त्यात बोलणं लिहायचास. आता फुगे भरायला माणूस नाही, म्हणून मी फुगेच काढत नाही.

पहिल्या तीन अंकांना लोकांनी डोक्यावर घेतलं. एका वर्तमानपत्रवाल्यानं तर लिहिलं की या मौनात मैत्रीचा आक्रोश आहे. कसला आक्रोश? लेखक रुसून बसलाय, एवढंच आहे. आता वाचकही कंटाळलेत. एकानं विचारलंय, "हा मुलगा नक्की कुठल्या गावाला निघालाय?"

शिवाय पळण्याच्या ढबी संपल्या. निखाऱ्याची प्रत्येक ढब तुझ्या अंगावरून काढलेली. जुन्या वह्या काढून त्याच त्याच उतरवतेय. काल लक्षात आलं की निखारा पळताना डावा खांदा वर धरतो, पिशवीचा पट्टा सांभाळल्यासारखा. मेलेला आणि परत आलेला मुलगा, छातीत धगधगता निखारा, झोळ्या वगळता हात लावील ते जळून खाक होतं, आणि पळतो कसा, तर दोन दप्तरं घेतलेल्या माझ्या भावासारखा.

एवढ्याशा कारणावरून एवढं नाटक! आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही. तुला काहीच वाटत नाही का?

तुझी बहीण (नाइलाज आहे)

६ मार्च, गुरुवार

दादा,

उत्तर नाही. मूग गिळून बसलायस. बरं. ताटात मात्र आज दुसऱ्यांदा भात मागितल्याची चिठ्ठी होती. म्हणजे पेन्सिल आत आहे आणि चालते.

आज पानं द्यायला मी स्वतः गेले. संपादकांची केबिन तू पाहिली नाहीस बऱ्याच दिवसांत. खिडकीच्या कठड्यापर्यंत जुने अंक रचलेत, पंखा लावला की वरचे तीन उडतात, म्हणून त्यांवर छापखान्यातला शिशाचा ठोकळा ठेवलाय. त्यांनी माझी अठरा पानं दोन मिनिटांत उलटली. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले,

"पोचवा त्याला."

"कुणाला?"

"तुमच्या निखाऱ्याला. पुढच्याच्या पुढच्या अंकात तो कोठडीच्या दाराशी हवा. दार लाकडी. हात लावला की जळणार. दारापाठोपाठ कोठडी. कोठडीत झोळ्या."

मी म्हटलं, "झोळ्या मरेल."

"तेच तर! मित्राला सोडवायला आला आणि त्याच्याच हातानं मित्र गेला. मुखपृष्ठ काय होईल, विचार करा! पानं वीस तारखेच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत. नाही जमलं तर माझ्याकडे दोन जण बसलेत, ते काढतील."

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही, कागद पेटेल. पण त्यांनी शांतपणे पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "झोळ्याला पकडून देताना तुम्ही कचरला नव्हतात बाई. आताच काय झालं?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. ते हसत होते म्हणून नाही. तेव्हा मी खरंच कचरले नव्हते म्हणून.

तर घे, लिहिते. तो अंक मी तुला न दाखवता दिला, हे खरं आहे. तू लिहिलेल्या प्रसंगात निखारा पुलावरून लोंबकळणाऱ्या झोळ्याला वर ओढतो, शत्रू निसटतो आणि दोघं घरी जातात. मी तो बदलला. निखारा हात सोडतो, शत्रूच्या मागे जातो आणि खाली होडीतले शत्रूचे लोक झोळ्याला उचलतात. पण तू त्या दिवशी घरी नव्हतास आणि छापखान्याचा माणूस दारात उभा होता. आणि मी फक्त एक फुगा भरला. पंधरा वर्षांत एक!

त्याच्यासाठी सात आठवडे?

१० मार्च, सोमवार

दादा,

आज हसशील. मी हसले नाही, पण तू हसशील.

वाचकांच्या पत्रांत एक निळ्या शाईतलं आहे. जसंच्या तसं उतरवते:

"माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. चाळीस वर्षं लोकांना त्यांच्याच घरात शिरायला मदत करतोय. गेल्या अंकात पान अकरावर झोळ्याच्या कोठडीचं दार आहे. कडी आतल्या बाजूला आहे. मागच्या तीन अंकांतही आतच आहे. बाहेरच्या बाजूला कुलूप नाही, कोयंडा नाही, नुसती मूठ. बाई, याला कैद म्हणत नाहीत. असं दार उघडायला कुणी बोलावलं तर मी हत्यार काढत नाही. आधी आतल्या माणसाला काय पाहिजे ते विचारा म्हणतो."

मी सगळे अंक जमिनीवर पसरले. म्हातारा अक्षरशः खरं बोलतोय. झोळ्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलाय आणि त्याच्या नाकासमोर, दाराला, आतून, हातभर लांब कडी!

कशी झाली ही चूक, सांगू? पंधरा वर्षं मी तुझ्या पलंगावर मांडी घालून चित्रं काढली. समोर तुझं दार. आपल्या गोष्टीतलं प्रत्येक दार त्यावरूनच आलंय, राजवाड्याचं काय आणि स्मशानाच्या चौकीचं काय. आतली बाजू मला डोळे मिटून काढता येते, कडीच्या वाकड्या खिळ्यासकट. आणि बाहेरची बाजू? ती मी याआधी कधी धड पाहिलीच नव्हती. आता सात आठवडे दुसरं काही पाहिलेलं नाही. दोन्ही बाजू अगदी बरोबर काढल्यात. तुरुंग तेवढा चुकला.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "कुलूपवाला एकच असतो हो, बाकीच्यांचं लक्ष नाही जाणार. जाळून टाका दार, म्हणजे कडीही जाईल." घ्या! चूक झाली की पेटवून द्यायची.

मी नाही पेटवणार. पण मग मला कळत नाही. दाराला कडी आतून आहे. निखारा येतोय हे झोळ्याला ऐकू येतंय, बाहेरचं गवत पेटलेलं त्याला फटीतून दिसतंय. तो उठून कडी का काढत नाही? तुला ठाऊक असणार. झोळ्या तुझा आहे, त्याच्या मनातलं मला कधी लिहिता आलं नाही. आतून बंद करून बसलेल्या माणसाला हवं तरी काय असतं?

एका ओळीत सांग. ताटाखाली ठेव.

१३ मार्च, गुरुवार

ताटाखाली काही नव्हतं. दोनदा पाहिलं.

आज सकाळचा गोंधळ तू ऐकलाच असशील, पण अर्धाच, म्हणून बाकीचा लिहिते.

आईनं सुतार बोलावला होता. मला न विचारता. मी शाईचा हात घेऊन बाहेर आले तर माणूस तुझ्या दारासमोर पिशवी उघडून पटाशी काढतोय आणि आई पदराचं टोक पिळत उभी.

"काका, काय करताय?"

"बिजागऱ्या काढतो, ताई. दाराला धक्का लागणार नाही. दहा मिनिटांत दार हातात."

"आणि मग?"

"मग काय? मग माणूस बाहेर."

त्यानं पहिल्या बिजागरीला पटाशी लावली मात्र, आणि आत तुझा रेडिओ बंद झाला. मोठा नाही झाला, बंद झाला. सुतार थांबला. आई थांबली. मला इतकं शांत घर आठवत नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणाचा राग आला विचारू नकोस, मलाच माहीत नाही. मी त्या बिचाऱ्याची पिशवी उचलली आणि जिन्यात नेऊन ठेवली. तो म्हणाला, "ताई, मला बोलावलंय म्हणून आलो, मी काय हौसेनं आलो?" मी म्हटलं, "उघडायचं असेल तर तो उघडेल. तुम्ही उद्या तुमच्या घरी झोपला असाल आणि मी तुमचं दार उचकटलं तर?" तो म्हणाला, "आमच्या घरी कुणी असं बसत नाही." आणि गेला. बरोबर बोलला म्हणून आणखी चीड आली.

मग आई माझ्यावर सुटली. "सात आठवडे तू रोज त्याच्यावर खेकसतेस. काय बोललीस तू त्याला? त्या दिवशी तो अंक घेऊन आला, चपला न काढता आत गेला आणि कडी लावली. काय होतं त्या अंकात?"

"काही नाही. नेहमीचंच."

"मला वाचता येत नाही म्हणून सांगत नाहीस."

मी काम आहे म्हणून टेबलाशी येऊन बसले. दादा, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा 'काही नाही' होता. आईनं पंधरा वर्षं आपली चित्रं नुसती बघून ओळखलीत, झोळ्या आला की ती 'आला माझा' म्हणते. तिच्यासमोर माझ्या तोंडून तो फुगा वाचला गेला नाही.

१८ मार्च, मंगळवार

दादा,

सोबत अठरा पानं आहेत. दाराखालून एकेक करून सरकवतेय, चुरगाळू नकोस, शाई ताजी आहे.

निखारा पोचला. पहिली सहा पानं शेवटचं पळणं, तुझ्या खांद्यासकट, तो आता तसाच राहील. सातव्या पानावर दार. आठव्यावर तो हात पुढे करतो आणि मूठ धुरकटते. नवव्यावर त्याला फटीतून आतली कडी दिसते. पुढची सात पानं मी आयुष्यात काढलेली सगळ्यात अवघड पानं आहेत, कारण त्यांत कुणी पळत नाही, कुणी मारत नाही. तो हात मागे घेतो. जळू नये म्हणून पाठीमागे बांधतो. भिंतीपासून दोन हात लांब उभा राहतो, आणि तिथेही जमीन तापते म्हणून आणखी मागे सरतो. ज्याच्या हाताखाली किल्ले जळले तो एका लाकडी दारासमोर खुळ्यासारखा उभा. सतराव्या पानावर तो हाक मारतो. तो फुगा मी भरला नाही, नुसतं उघडं तोंड काढलंय.

अठराव्या पानावर फक्त दार आहे. आणि दाराआडून आलेला एक फुगा. कोरा.

तो तुझा आहे. परवा बारा वाजता माणूस पानं न्यायला येईल. फुगा भरून पान बाहेर आलं तर तेच छापलं जाईल, मी संपादकांच्या टेबलावर बसून छापून घेईन. नाही आलं तर ते दोघं टपलेलेच आहेत, दार पेटेल आणि झोळ्या जाईल. आपण दोघांनी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर काढलेला झोळ्या. मग तू आत कशासाठी बसलास आणि मी बाहेर कशासाठी, ते आपल्याला कुणी विचारणारही नाही.

किंवा मी भरेन तो फुगा. आणि मला फुगे भरता येत नाहीत, हे वीस जानेवारीला जगजाहीर झालंय.

मी चिडलेली आहे. पण ही पानं चिडून काढलेली नाहीत, एवढं बघ.

२० मार्च, गुरुवार

दादा,

सतरा पानं काल रात्रीच परत आली होती. पावणेबाराला अठरावं पान आलं. आधी कोपरा दिसला. मी जमिनीवर पालथी पडून बघत होते, हेही सांगून टाकते.

फुग्यात तुझं अक्षर. तीनच शब्द.

"आधी माफी माग."

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडं आपटलं. माफी! बारा मैल पळून आलेल्या माणसाला हे ऐकवायचं? आठ अंक मी एकटीनं ओढले, बोटांना घट्टे पडले, संपादकांशी तोंड वाजवलं, सुताराला घालवून दिलं, तुझी ताटं उचलली, आणि वर मीच माफी मागू? पाच मिनिटं मी अशी धुमसत उभी होते. मग खाली माणसानं घंटा वाजवली आणि मी पान बाकीच्या सतरांबरोबर पाकिटात घालून त्याला दिलं. जसं होतं तसं.

नंतर माझी ही सगळी पत्रं आठवली. तू ती ठेवली असशील तर वाचून बघ. पाच पत्रं, आणि एकातही तो शब्द नाही. आई रडते, वाचक कंटाळले, ढबी संपल्या, सगळं आहे. तुला समजवायला नाही, तुला भांडून बाहेर काढायला लिहीत होते. हात न बांधताच दाराशी आले होते.

संपादकांचा फोन आत्ता येऊन गेला. "हे काय आहे? नायकानं कशाची माफी मागायची?" मी म्हटलं, "वीस जानेवारीचा अंक काढा. पान सोळा." ते पानं उलटत असल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आणि पुढच्या अंकात?" मी म्हटलं, "मागेल. स्पष्ट मागेल. तो फुगा मी भरणार."

आता खरं लिहिते. सहाव्या तारखेच्या पत्रात लिहिलं की तू घरी नव्हतास. तू घरीच होतास. शेजारच्या खोलीत पेन्सिलींना टोक करत होतास, मला आवाज येत होता. छापखान्याचा माणूस दारात नव्हता, तो दोन तासांनी आला. मला हाक मारायला वेळ होता. मारली नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

आणि त्याच्या आदल्या दिवशी मी संपादकांच्या केबिनमध्ये होते. वाचकांच्या आवडत्या पात्रांची यादी त्यांनी समोर ठेवली. झोळ्या सगळ्यात खाली. ते म्हणाले, "हा नुसता पिशवी धरून बरोबर असतो. करतो काय?" तिथे आणखी तिघं होते. सगळे हसले. आणि मी म्हटलं, "माझा भाऊही तसाच आहे." मग आणखी हसले. मला बरं वाटलं, दादा. चार माणसं माझ्या बोलण्यावर हसली म्हणून बरं वाटलं. घरी येऊन तोच विनोद मी निखाऱ्याच्या तोंडी घातला. झोळ्याचा हात सोडताना तो म्हणतो, "नाहीतरी तुझा उपयोग काय?" माझ्या अक्षरात. छापून. लोक झोळ्याला झोळ्या म्हणून वाचतात, पण तुला तर ठाऊक होतं तो कोण. माझं दप्तर आणि स्वतःचं दप्तर एका खांद्यावर घेऊन, मी पोरांशी मारामाऱ्या करत असताना बाजूला उभा राहणारा, आणि नंतर माझं नाक पुसून घरी नेणारा. शाळेत सगळे तुलाच झोळ्या म्हणायचे. तू ते नाव आपल्या गोष्टीत हौसेनं घातलंस. मी ते तुझ्या तोंडावर फेकलं.

तू ते विकत घेतलेल्या अंकात, रस्त्यावर उभं राहून वाचलंस. मी घरी सांगितलंही नाही.

माझं चुकलं. 'पण' लावून नाही. तुझा उपयोग काय, हे मला आठ अंक काढताना कळलं, आणि असं मोजणंही तुझा अपमानच आहे, कारण उपयोग नसता तरीही मी असं बोलायला नको होतं.

हे पत्र दाराखालून येणार नाही. तो फुगा लाखभर लोकांनी वाचला, मग माफी काय गुपचूप कागदावरून सरकवायची? मी दाराबाहेर उभी राहून हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार आहे, केबिनमधल्या विनोदासकट. आईला हाक मारलीये. तिनं विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "त्या अंकात काय होतं ते सांगते." ती खुर्ची ओढून बसलीये. जिन्याचं दारही उघडं ठेवलंय.

सुरुवात करते.